साहेबासाठी झाडलेलं मैदान

२ एप्रिल ९६, पेण
वही आणून महिना झाला. रोज म्हणतो, उद्या लिहू. आज रोह्याची गाडी चुकली म्हणून बसलो.
आळीमागचं मैदान पालिकेला हवंय. तिथं दुकानांचे गाळे बांधणार. आळीतल्या सगळ्या कारखान्यांचे कच्चे गणपती तिथंच वाळतात. ऊन काय घरात आणायचं? दामूकाकांनी आळीभर सह्या घेऊन हरकतीचा अर्ज दिला. त्यांच्याच कारखान्यात आई मूर्तींचे डोळे रंगवते.

९ एप्रिल
रोह्याला गेलो, कंपनीत माणसं घेतायत म्हणून. घेत नव्हते. अष्टमी गावाकडच्या पुलावर एक जण गळ टाकून बसलेला, ते बघत राहिलो. त्याला मासा नाय, मला काम नाय. दुपार गेली.
घरी आई, "आलास फिरून? उद्या पालिकेचा साहेब येतोय मैदान बघायला. आवरायला लाग."

१० एप्रिल
सकाळपासून सगळी आळी मैदानात. साहेब पहिल्यांदा येणार, पसारा बरा दिसतो का! एकूण एक मूर्ती उचलून घरात. खाटेवर गणपती, चुलीपाशी गणपती, माझ्या अंथरुणावर गणपती. झाडलं, सडा घातला. आईनं रांगोळी काढली.
साहेब चहा प्याला. म्हणाला, "छान स्वच्छता ठेवलीय." काकांना कोण आनंद!
"मूर्ती कुठं वाळवता?"
"इथंच की. तुम्ही येणार म्हणून आत नेल्या."
साहेब कारकुनाला म्हणाला, "लिहा. जागा मोकळी. मूर्ती आत ठेवायची सोय आहे."
काकांच्या हातात बिस्किटांची बशी तशीच. मीपण सकाळभर मूर्ती उचलल्या. एकाच्या डोक्यात आलं नाय. एकाच्या!

२४ एप्रिल
पालिकेची सभा. काका, आई, मी मागच्या बाकावर. साहेबाचा शेरा वाचला, मंजूर. मधे चहा आला त्याला जास्त वेळ लागला.
काका उठले, "आमचं जरा ऐका, आम्ही तिथं..."
"प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. खाली बसा."
बसले. आख्ख्या आळीला दम देणारा माणूस.
बाहेर आमचा नगरसेवक. मतं मागायला आला तेव्हा आमच्याच चटईवर बसून पोहे खाल्लेन. म्हणतो, "काका, कागद अजून वर गेले नायत. साहेबानं शेरा बदलला तर बघू."
साहेबाकडं गेलो. दौऱ्यावर. संध्याकाळी परत गेलो. दौऱ्यावर.
येताना आई म्हणाली, "रांगोळी मीच काढली रे."

५ मे
मूर्ती परत मैदानात मांडल्यात. कुणी सांगितलं नाय, आपोआप. कडेला कुंपणाचे खांब येऊन पडलेत, त्यांच्यावर पोरींनी ओढण्या वाळत टाकल्यात. काका दारात बसून असतात.
मी उद्या निघतो. कुठंपण. इथं बसून काय

आई हाका मारतेय. "अरे बाहेर ये, साहेब आलाय!"
"कुठला?"
"तोच! बायकोला घेऊन. यंदाचा गणपती पसंत करायला."
खिडकीतून दिसतोय. मैदानाच्या मधोमध, चहूकडं ओल्या मूर्ती. एक पाय उचललाय, टेकवायला जागा सापडत नाय त्याला.
काका उठलेत.