भाऊ, आज कोणाचा?

२ मार्च
आजपासून आमच्या कॉल सेंटरात मशीन. सौरपंपाच्या तक्रारींचा फोन आता आधी तेच उचलणार. बोलायच्या आधी त्या नंबरच्या सगळ्या जुन्या तक्रारी काढून वाचतं म्हणे. मोठे सर पुण्याहून स्क्रीनवर. "तुमचं ओझं हलकं होणार!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मीपण. आता आमच्याकडे फक्त मशीनला न जमलेलं येणार. कांचन कानात म्हणाली, "आपल्याला नारळ देऊन राहिले, अन् आपण टाळ्या वाजवून राहिलो."

५ मार्च
दे.भाऊंचा फोन माझ्या स्वतःच्या मोबाइलवर. बाळापूरकडचे, पिठाची चक्की आहे. अख्ख्या गावाच्या पंपांना त्यांचाच नंबर लावलेला, कारण शेतात फोन उचलणार कोण? चक्कीवर माणूस असतोच. त्यांचा फोन आला की आमच्या खोलीत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "भाऊ, आज कोणाचा?"
मशीनने विचारलंच नाही. एकाच नंबरवर ढीगभर तक्रारी, सगळ्या मिटलेल्या. तीच जुनी परत आली समजून बंद.
"मॅडम, मी वच्छलाबाईच्या पंपाची तक्रार देऊन राहिलो, अन् थे मले मनते तुमची मिटली! माहा पंप त चालूच हाये ना बाप्पा!"
वच्छलाबाईंचा झेंडू आहे. पाडव्याचा. बाई एकटी, मोबाइल नाही.

७ मार्च
हाताने तक्रार टाकली. चहा घेऊन येते तोवर मशीनने जुन्या तक्रारीला जोडून बंद केली. पुन्हा टाकली. पुन्हा तेच.
सरांना सांगितलं. "अपवाद आहे, मेल करा." अपवाद? गावोगाव असंच आहे, साहेब! उंटावरून शेळ्या हाकताहेत नुसत्या. मेल केला. उत्तर आलं, विचार चालू आहे. चालू दे. झेंडू थांबतो तेवढा.

९ मार्च
अकोल्याच्या रामेश्वरला, म्हणजे आमच्या मेकॅनिकला, फोन केला. "ताई, तक्रार माह्या मोबाइलवर दिसली पायजे. मनानं गेलो त घरी बसवतीन मले." त्याच्यावर काय चिडू? मी तरी कुठे मनाने काही करते?
संध्याकाळी दे.भाऊंनी बाईंच्या हाती फोन दिला. "माय, इहिरीत पाणी हायेच वं. दिसते. पण वर येत नाही. हंड्यानं किती वाफे भिजतीन?"
"उद्या येतील," मी सांगून टाकलं. कोण येणार, ते मलाच माहीत नाही.

११ मार्च
केलं एकदाचं. बाईंच्या पंपाची तक्रार माझ्या मोबाइल नंबरवर टाकली. नियमात बसत नाही. नंबर नवा, मागे काही नाही, मशीनने मुकाट घेतली. रामेश्वरला दिसली.
बरं वाटलं. आणि लगेच रडू आलं. एवढ्यासाठी एवढं?

१३ मार्च
रामेश्वर जाऊन आला. उंदराने वायर कुरतडली होती. बाईंनी दिलेला चहा निवायच्या आत काम झालं म्हणे.
"पण झेंडू गेला, ताई. इहिरीजवळचा थोडासा हाये. बाईनं मले, साखर जास्त टाकली का, तेवढंच इचारलं."
ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. नुसतीच.

१६ मार्च
सर खुशीत. नवी पद्धत यशस्वी, तक्रारी कमी झाल्या. होणारच. तोंड दाबलं की ओरडा कमीच येतो. मी बोलले तसं. ऐकू आलं नाही बहुतेक, आवाज तुटत होता म्हणाले.
आमच्यापैकी दोघंच राहणार. महिनाअखेरपासून मी नाही, कांचनही नाही. घरी सांगितलं नाही अजून. पाडवा होऊ दे.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. हार बडनेऱ्यातल्या हातगाडीवरून आणला. आई म्हणाली, फुलं कशी बारकी यंदा.
दुपारी दे.भाऊ. आधी पाडव्याचा रामराम, मग, "मॅडम, आज सुभाषचा बंद पडला. कांदा हाये त्याचा. तुमच्याच नंबरवर टाका. गावात सगळ्याईले सांगून ठेवलं मी, मॅडमचा नंबर चालते मनून."
त्यांना थांबायला सांगून घरूनच टाकली. घास घेतला नसेल तोच मोबाइल वाजला. 'प्रिय ग्राहक, या नंबरवरील आपली तक्रार मिटलेली आहे. धन्यवाद.'
दे.भाऊ लाइनवरच होते. मागे चक्की चालू.
"झाली का, मॅडम?"
महिनाअखेरचं सांगायला तोंड उघडलं. जमलं नाही.
"थांबा भाऊ," म्हटलं.
"हाव, थांबतो ना. तुमी असल्यावर काय चिंता हाये?"