विहिरीला लावलेलं कुलूप

१९ जानेवारी १९८४
हरसूलजवळच्या पाड्यावर सूर्यपंप सुरू. आमच्या ऑफिसचा पहिलाच, आणि काम माझ्याकडे. उन्हं सौर पाट्यांवर चढली, नळातून आधी नुसती फुसफुस, मग पाणी. बायका हसत सुटल्या. जनकाबाईने ओंजळ धरली, "उन्हानं काढलेलं, तरी गारच हाय की!"
विहिरीवर स्लॅब टाकून घेतलाय, लोखंडी झाकण, कुलूप. जुना रहाट काढायला लावला. माझाच हट्ट. उघड्या विहिरीत घाण पडते, गेल्या पावसाळ्यात पोरं जुलाबाने हैराण. शिवाय बादली आपटून आतल्या पंपाची केबल तुटायची भीती. जनकाबाईचा नवरा देवराम कुरकुरला, "सायेब, रहाट ऱ्हाऊ द्या." ऐकलं नाही. किल्ली नाशिकला, माझ्या टेबलाच्या खणात.

२४ फेब्रुवारी
एसटीच्या कंडक्टरकडून निरोप आला, पंप बंद. दुपारी पोचलो. पाट्यांवर ऊन रणरणतंय, मोटर गप्प. कंट्रोल बॉक्स उघडला तर जळका वास. आतलं सर्किटचं कार्ड गेलं. त्यातलं इथे कुणाला कळत नाही, मलाही नाही. बॉक्स मांडीवर घेऊन परत. देवराम गाडीपर्यंत आला. "तवर झाकण तरी उघडा." किल्ली आणायचं सुचलंच नव्हतं. म्हटलं, आठवड्याभरात येतो.

५ मार्च
पंपाच्या कंपनीकडे दुरुस्तीचा माणूस एकच, तो गुजरातेत अडकलाय. बॉक्स ठेवून घेतला. आमच्या साहेबांना विचारलं, तोवर झाकण उघडू का?
"मुळीच नाही. आत कुणी हात घातला की हमी गेली. आणि मुंबईचे पाहुणे पंप बघायला येणार आहेत, त्यांना काय उघडी विहीर दाखवायची?"
मान हलवली. आलो बाहेर.

२२ मार्च
पाड्यावर अजून गेलेलो नाही. मनमाडला मावसभावाच्या लग्नाला मात्र जाऊन आलो. रिकाम्या हाताने तिथे जायची लाज वाटते, हे खरं कारण. बायका हंडे घेऊन ओढ्यात उकरलेल्या झिऱ्यावर उतरत असतील. ती उतरण मी पाहिलीय. पाहिलीय, तरी...

७ एप्रिल
दुसऱ्या कामाला हरसूलला गेलो. बाजारात देवराम दिसला. मीच नजर चुकवली. त्यानेच हाक मारली.
जनकाबाई उतरणीवरून हंड्यासकट घसरली. खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला सिव्हिलमध्ये आहे. हा पोरांसाठी मीठमिरची घ्यायला आलेला, लगेच परत निघणार.
"तुमाला कळवनार व्हतो. मंग म्हनलं, कळून तुमी तरी काय करनार."
रागाने नाही बोलला. रागावला असता तर बरं झालं असतं.

८ एप्रिल, रविवार
सिव्हिलला गेलो, केळी घेऊन. जनकाबाईच्या पायाला वजन टांगलेलं. ओळखून हसली. "यंत्र बरं झालं का, भाऊ?"
नाही म्हणालो.
"मंग बाकीच्या बाया अजून झिऱ्यावरच?"
केळी तिच्या उशाशी ठेवली.
घरी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "कुलूप? विहिरीला? तू लावलंस?"
मग म्हणाली, "आपल्याला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. मी लांब घागर घेऊन उभी राहायचे, कुणी वरून ओतेल म्हणून. पण कुलूप तेव्हाही नव्हतं रे."
पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

९ एप्रिल
ऑफिस उघडल्या उघडल्या किल्ली घेतली, कुणाला न विचारता हरसूलची गाडी पकडली. कुलूप काढलं. रहाट देवरामच्या पडवीत पडून होता, चार जणांनी मिळून बसवला. पहिली बादली मी ओढली. बायका लांबून बघत होत्या. एक म्हातारी पुढे आली. "एवढंच व्हतं का?"
एवढंच होतं.

१० एप्रिल
साहेबांना सांगितलं. "हमी गेली तर तुझ्यावर येईल." येऊ दे म्हणालो. हेच महिन्यापूर्वी म्हणायला काय झालं होतं मला?

१६ मे
बॉक्स आला एकदाचा. पंप चालू, नळाला धो धो पाणी. साहेबांचा निरोप: पाहुणे उद्या, झाकण बंद हवं, रहाट दिसता कामा नये. बायका नळावर भरतायत, पण रहाट काढू म्हटलं की सगळ्या गप्प होतात. त्यांचं चुकत नाही. उघडी विहीर पुन्हा घाण होणार, तेही खोटं नाही. कुलूप अजून पिशवीतच आहे.
जनकाबाई घरी आलीय. दारात बसून असते, उभं राहता येत नाही. नळाचं पाणी तांब्यात घेऊन गेलो.
"हे पुन्ना बंद पडलं तर येशील ना?"
"येईन."
तिने हात पुढे केला नाही. तांब्या माझ्याच हातात.