राजपुत्राचा चेहरा

ब्रँडन, १२ जानेवारी

ती. कोरीनताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कसलं लिहितेय म्हणून हसशील, पण फोनचं खातं ग्रांटच्या नावावर आहे आणि आपला भाऊ काय काय वाचतो देव जाणे. त्याने तुझी नवी कादंबरी वाचली. काल जेवायला आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, यातला राजपुत्र म्हणजे मीच की! मी गारच पडले. पण स्वारी खूश होती गं. शेवटी राजपुत्राला विहिरीत का ढकललं, एवढंच पटलं नाही म्हणाला.

आईला त्याने स्वतःच्या घरी नेलंय. कधीही जा, ती झोपलीय म्हणतो. आणि आमच्या लेकीला, टिलीला तुझा राजपुत्र भलताच आवडतो. वर्गातल्या सगळ्याच मुलींना आवडतो म्हणे. मला काही सुचत नाहीये.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी लिनेट


हॅलिफॅक्स, २० जानेवारी

चि. लिनेट हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. हो, राजपुत्र ग्रांटवरूनच लिहिला. बहिणीचं कुत्रं नदीत बुडवून मग तिचेच डोळे पुसणारा. आपला बस्टर हरवला तेव्हा तुला कुशीत घेऊन कोण बसलं होतं, आठवतं?

प्रकाशक म्हणत होते, वाचकांना कीव यावी म्हणून त्याला दुःखी बालपण द्या. कुठून देऊ? आपण तिघं एकाच टेबलावर जेवलो, एकाच आईने आपल्याला निजवलं.

आईला तुझ्या घरी घेऊन ये. एकटी जाऊ नकोस, वॉल्टला ने. एवढा दांडगा नवरा केलास, त्याचा काही उपयोग होऊ दे.

काळजीत असलेली,
तुझी ताई


ब्रँडन, २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

आई आमच्याकडे आलीय. ग्रांटने हसत दार उघडलं, कॉफी विचारली, आई झोपलीय म्हणाला. माझा आवाज ऐकून ती आपणहून बाहेर आली. अंगात कोट, पायात बूट, हातात पिशवी. रोज अशी तयार होऊन बसायची म्हणे. त्याने तिचा मफलर नीट केला, गालाचा मुका घेतला, हात धरून गाडीपर्यंत सोडलं. शेजारीण म्हणाली, असा मुलगा मिळायला नशीब लागतं.

गाडी वळल्यावर आई बोलायला लागली. बस्टरचं काय झालं, तिला तेव्हाच कळलं होतं. म्हणाली, त्याचीही आईच ना मी, कुणाला सांगणार होते?

ग्रांट तुझ्याकडे निघालाय हे वॉल्टच्या कामावरच्या फोनवरून सांगितलंच. पुन्हा लिहिते, दार उघडू नकोस.

जिवाला जप.
लिनेट


हॅलिफॅक्स, ९ फेब्रुवारी

चि. लिनेट,
अ. आ.

आला आणि गेला. मी दार उघडलं नाही. बाहेरून किती गोड बोलला! भावाला बर्फात उभं करतेस का गं, पुस्तकावर सही तरी दे. मी जिन्यावरच्या खिडकीतून बघत होते. कुणी पाहत नाहीसं वाटलं, तसं त्याचं हसू गेलं आणि त्या चेहऱ्यावर काहीच उरलं नाही. राग नाही, वाईट वाटणं नाही. बूट झटकले आणि टॅक्सीत बसला.

राजपुत्राला मी निदान संताप तरी दिला होता गं. तो माझ्या पदरचा होता.

हे पत्र टिलीला वाचायला दे.

तुम्हा सगळ्यांना जीव लावून बसलेली,
कोरीन