सुंदराबाईंच्या मातीतला पिवळा जंतू

५ जुलै १९९९
शेणव्याच्या सुंदराबाई आमच्या शहापूरच्या कॉलेजात आल्या होत्या. त्यांच्या शेतात भाताचा एक पट्टा पिवळा पडलाय. शेतावर जाऊन थोडी माती घेऊन आलो. पट्ट्याचं नंतर बघू. माती मात्र उत्तम.

८ जुलै, सकाळी १०
माती लावलेल्या प्लेटवर जंतूंचे बाकी सगळे ठिपके पांढरे, एकच पिवळा. लिंबासारखा, चकचकीत. अकरा वर्षं बायॉलॉजी शिकवतोय, असा पाहिला नाही. नवीन जातच. लॅब अटेंडंट देवराम म्हणाला, सर, तुमी झाकण उघडं टाकून फोनवर गेलता. त्याला शास्त्र कळत नाही.

९ जुलै
मायक्रोस्कोपखाली जांभळे गोल, चार-चारच्या गटात. जाड पुस्तकात असंच काहीतरी होतं, पण ते पान घाईत उलटलं. संकल्प: जात ओळखायच्या वीसही टेस्ट करायच्या, रोज दोन.

१४ जुलै
टेस्ट झाल्या तीन. लाइट नव्हती. उरलेल्या सतरा नवशिक्यांसाठी असतात.

१७ जुलै
जंतूचं नाव: 'हरेशी', माझ्या नावावरून. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं असा संकेत आहे. म्हणून बॉटनीच्या जया मॅडमनी ते सुचवावं. त्यांना आपणहून सुचलं असं वाटलं पाहिजे. दोनदा विषय काढला. त्या पेपर तपासत होत्या.

२१ जुलै
पुन्हा तीच माती लावली. पिवळा उगवला नाही. लाजाळू जात. देवरामने माती न घालता एक प्लेट नुसती उघडी ठेवली होती, तिच्यावर मात्र उगवला. म्हणजे शेणव्याहून शहापूरपर्यंत स्वतः आला. कमालीची ताकद.

२४ जुलै
सुंदराबाई आल्या. "सर, माझ्या भाताचा काय झाला?" सांगितलं, तुमच्या मातीत जगाला माहीत नसलेला जंतू आहे. त्या बाकावर बसल्याच. "मंग पोरांना शेतान नेऊ का नको?" आनंदाने भारावल्या असाव्यात. पाणी दिलं.

२६ जुलै
नमुना पुण्याच्या लॅबला पाठवला. पेढे निकालानंतर वाटायचे होते. आजच वाटले.

१८ ऑगस्ट
पुण्याचं पत्र, तीन ओळी. मायक्रोकोकस ल्युटियस. माणसाच्या कातडीवर सर्वत्र आढळतो. नमुना हाताळणाऱ्याकडून मिसळला असावा.
'असावा' म्हटलंय. खात्री त्यांनाही नाही.

२० ऑगस्ट
शेणव्याला गेलो. महिनाभर त्या शेतात कोणी पाऊल टाकलं नव्हतं. भातापेक्षा गवत उंच. सुंदराबाई पोरांना घेऊन लांब बांधावर उभ्या. पट्ट्याला नुसता युरिया हवा होता, असं शेजाऱ्यांनी एका नजरेत सांगितलं.
बाईंना सगळं खरं सांगितलं. मातीत काही नाही, तो जंतू माझ्या हातावरचा. वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार. त्यांनी माझा हात धरून उलटासुलटा पाहिला.
"आमच्या मातीला काय नाय ना, मंग बरा झाला," म्हणाल्या. "पण सर, तुमी दवा घ्या."