माफीचा कागद

कोफिमवाबा, मंगळवार

मामा,

तुम्ही अजून माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकत नाही. लुखान्योच्या पॅरोलच्या सुनावणीत मी तुम्हाला सगळ्यांदेखत तोंडघशी पाडलं.

पण आठवा. पॅरोल मंडळाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "पीडित कोण?" मी उठायच्या आत तुम्ही टोपी काढून उभे राहिलात. घराच्या वतीनं मामानं बोलायचं, ही आपली रीतच. लग्नाच्या बोलणीला बसल्यासारखी तुम्ही आधी कुळाची नावं घेतलीत, मग म्हणालात, "आम्ही त्या पोराला माफ केलंय." त्याची आई रडायलाच लागली.

बाई म्हणाल्या, "बाबा, सुरा तुम्हाला लागला होता का? कायद्यानं बोलायचा हक्क हिचा आहे. बोल गं तू."

सात वर्षांत मला असं पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. खटल्यात सरकारी वकिलानं मला फक्त गळ्यावरचा व्रण दाखवायला लावला होता. मी म्हणाले, "मी माफ केलेलं नाही." त्याला परत आत नेलं, आणखी दोन वर्षांसाठी.

घरात सगळे म्हणतात, हिचं काळीज दगडाचं आहे. मामा, तेव्हा माझ्या पर्समध्ये एक कागद होता, तीन दिवस खपून लिहिलेला. त्यात लिहिलं होतं, सोडा त्याला.

तेवढं मला माझ्या तोंडानं म्हणायचं होतं, तुम्ही बोलायच्या आधी.

तुमची भाची,
नोम्फुंडो