हलका ठोका

प्रिय संजीवनी,

पत्र तुझा भाऊ सुनिल लिहितोय, राग माझा आहे. माझ्या शिव्या तो गाळतोय, तेव्हा जिथं वाक्य लंगडं वाटेल तिथं एक शिवी घालून वाच.

मागच्या वर्षी शहापूरच्या शिक्षकांच्या शिबिरातून तू रडत आलीस. शिकवणाऱ्या बाईनं तुला सगळ्यांत उभं करून 'एज्युकेशन' बोलायला लावलं आणि खो खो हसली. मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग तू मोबाइल कानाला लावून पडवीत तेच घोकत बसलीस. मलाही समजावलंस, आजी, बोलताना मोठा ठोका, म्हणजे जोर, 'के'वर पडतो, पण 'ए'वरही एक हलका ठोका असतो, आणि आपण सगळ्या अक्षरांना सारखंच बदडतो. मी म्हटलं, कळलं गो. मी आणि माझी जाऊ भिमा एकाच उखळात भात कांडायचो, तिचा घाव जड, माझा हलका. तू हसून म्हणालीस, अगदी तसंच. केवढी फुगले होते मी!

पण माझा घाव हलका म्हणून भिमानं मला कधी उखळावरून उठवलं नाय. आणि तू? आपल्या शेजारच्या भगीरथची अपेक्षा, सातवीतली पोर, तिला तुझ्या किन्हवलीच्या शाळेत भर वर्गात उभं केलंस. शब्दही तोच. वर तिची नक्कल करून पोरांना हसवलंस. आता पोरं तिला रस्त्यात 'ए-ज्यु-के-शन' अशा हाका मारतात. शाळेचं नाव काढलं की ती बकऱ्या घेऊन रानात पळते. त्या शहापूरच्या बाईचा झगा तुला अगदी मापात बसला गो! शिवायचीही गरज नाय पडली.

फोन केला असता तर 'बघते आजी' म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून हा कागद. भगीरथ म्हणतो, शाळा नको तर नको, सोमवारी पोरीला वैशाखऱ्याला मामाच्या हॉटेलात भांडी घासायला सोडतो. तू रविवारी ये. माझ्याकडं नंतर, आधी त्यांच्या दारात जा. बापासमोर पोरीची माफी माग. सोमवारी तिचा हात धरून वर्गात ने आणि तू शिबिरात जसा बोलली होतीस तसाच तो शब्द सगळ्यांसमोर बोल. हसू देत पोरं. तुलाच हसू देत.

तुझीच, पण तोवर अपेक्षाची,
आजी धोंडीबाई