कपाळावरचा दाखला

हॅलिफॅक्स, कॅनडा
२ डिसेंबर २०२४

प्रिय राघो यास,
स. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र परवा पोचलं. पाकिटाला नागलीच्या पिठाचा हात लागलेला होता, म्हणून आमच्या मंडळींनी ते फेकू दिलं नाही. इथे गुडघाभर बर्फ आहे. तू काळजी करणारच, म्हणून आधीच सांगतो, मुलीने मला खिळ्यांचे बूट घेऊन दिले आहेत. पस्तीस वर्षं हलत्या बोटीवर वरणभात शिजवलेला माणूस जमिनीवर पडत नसतो.

वर्गाच्या ग्रुपवर हरेशचा फोटो पाहिलास का? मस्कतला क्रेन चालवून निवृत्त झाला आणि आता मुलाच्या दुकानात बसून अरबांना मोखाड्याच्या बाजाराच्या गोष्टी सांगतो. प्रेमाने आयर्लंडमध्ये कोंबड्या पाळल्या आहेत. एकीचं नाव तिने राघो ठेवलं आहे, कारण ती अंडं घालायच्या आधी तासभर घाबरते.

आता कामाचं. आमचा भाऊ जिवा जन्मात शाळेची पायरी चढला नाही. तो गेला, पण त्याची नात रविना यंदा बारावीला आहे आणि तिला नर्सिंगला जायचं आहे. जमातीच्या पडताळणीला घराण्यातल्या जुन्या माणसाचा शाळा सोडल्याचा अस्सल दाखला लागतो आणि त्या पिढीत शाळेत गेलेला मी एकटाच. बोटीवर निघालो तेव्हा नकला बरोबर घेतल्या आणि अस्सल दाखला तुझ्या ट्रंकेत ठेवला. आपलं हायस्कूल बंद होऊन वीस वर्षं झाली, दुसरा आता मिळायचा नाही. अर्ज फेब्रुवारीअखेर द्यायचा आहे. रविना संक्रांतीला येईल, तिच्या हाती दे.

आमच्या बापाचा कुंभकर्ण कसा आहे? बोहाड्याच्या सोंगांत तो मुखवटा नाचवायचा मान आमच्या घराचा, आणि पंधरा वर्षं घाम गाळतोस तू. बॉलपेनचं अक्षर तुला दिसत नाही, म्हणून हे पत्र शाईने लिहिलं आहे. पोशीवहिनींना नमस्कार. लोभ जुना आहे, त्याला अधूनमधून ऊन दाखवत जा.

तुझा वर्गमित्र,
देवानंद


मु. पो. खोडाळा, ता. मोखाडा
२२ डिसेंबर २०२४

प्रेमा हिला राघोचा रामराम. वि. वि.

आयर्लंडला किती तिकीट लागतं ते मी पोस्टात दोनदा विचारलं, तरी भरवसा वाटेना, म्हणून एक जास्तीचं लावलं आहे. पत्र पोचलं तर लगेच कळव. नाही पोचलं तरी कळव.

ही गोष्ट ग्रुपवर लिहिण्यासारखी नाही. रविना जव्हारच्या वसतिगृहातून सुटीला आली की तीच मला ग्रुप उघडून दाखवते. शिवाय रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या खडकावर आणि तिथे अर्धा पाडा बसलेला असतो. तसंही त्या ग्रुपवर तोंड उघडायला मला भीती वाटते. वर '१९७४ मॅट्रिक' असं लिहिलं आहे. मी नववीतून बाहेर पडलेला. कुणीतरी एक दिवस विचारील, की हा माणूस इथे कसा आला.

तर झालं असं. मागच्या होळीच्या सुमाराला उंदराने कुंभकर्णाचं कपाळ कुरतडलं. मुखवटा कागदाच्या लगद्याचा. आत कागदावर कागद डकवायचा, मैद्याची खळ लावायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात मेथीची पूड घालायची. देवानंदाचे वडील असंच करायचे. बोहाडा चार दिवसांवर आणि घरात जाड कागद नाही. ट्रंकेत आमचे दोन दाखले एका पिशवीत होते, त्याचा आणि माझा. एकाच शाळेचे, एकाच रंगाचे, एकाच गोल शिक्क्याचे. माझ्या दाखल्यावर लिहिलं आहे, 'सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.' मी म्हटलं, हा कागद जन्मभर सांभाळून कुणाचं भलं झालं? लावू तो कुंभकर्णाच्या कपाळाला. डोळ्यांत मोतीबिंदू, चष्मा कुठेतरी, आणि खरं सांगतो, तो मजकूर पुन्हा वाचायची इच्छाही नव्हती. वरून वर्तमानपत्राचा एक थर दिला आणि नाचलो.

देवानंदाचं पत्र आलं तेव्हा ट्रंक उघडली. पिशवीत माझाच दाखला होता.

तेव्हापासून जेवण जात नाही. मुखवटा फाडला तर दुसऱ्याच्या घरचा मान माझ्या हातून मोडतो, आणि नाही फाडला तर पोरीचं वर्ष जातं. फाडूनही आत नुसता लगदा निघाला तर दोन्ही गेलं. पोशी म्हणते देवानंदाला कळवा. मी म्हटलं तू लिही. ती म्हणते, खळ मी लावली नव्हती. संक्रांतीला पोर आली तर ट्रंकेची किल्ली हरवली असं सांगणार आहे. तू शिकलेली आहेस, काही उपाय असला तर लिही, आणि हे पत्र वाचून चुलीत घाल. तुमच्याकडे चूल असते का?

माया आहे ती राहू दे, एवढंच मागणं.

राघो


कॉर्क, आयर्लंड
१४ जानेवारी २०२५

राघोस प्रेमाचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकिटं इतकी होती, की पोस्टमन मला ती मागून घेऊन गेला. इथे चूल नाही, म्हणून पत्र कपाटात ठेवलं आहे. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले, रागावू नकोस.

आता नीट ऐक. अडतीस वर्षं मी जखमेला चिकटलेल्या पट्ट्या सोडवल्या. पट्टी ओढायची नसते, भिजवायची असते. मुखवटा अजिबात फाडू नका. तो पालथा ठेवा, कोमट पाण्यात मऊ फडकं पिळून आतून कपाळावर ठेवा आणि थांबा. आधी वर्तमानपत्र सुटेल. मग पुन्हा फडकं, पुन्हा थांबा. कडेला बोट घाला, मधे नाही. सोडवताना कोरडं लागलं की हात काढून घ्या. खळ मैद्याची आहे, ती पाण्याला ऐकते. त्या काळची शाळेची शाई पक्की होती, माझ्या परकरावरची कधी गेली नाही.

हे काम तू करायचं नाहीस. तू मधेच देवाला हाक मारशील. रविनाला करू दे. तिला पुढे जन्मभर हेच करायचं आहे. त्यासाठी किल्ली सापडल्याचं तिला सांगावं लागेल. आणि देवानंदाला तूच लिही. फेब्रुवारी संपेपर्यंत मी गप्प राहते, पुढचा भरवसा नाही.

मॅट्रिकचं काय घेऊन बसलास? पावसाळ्यात ओढा भरला की माझं दप्तर डोक्यावर घेऊन पलीकडे नेणारा मुलगा मॅट्रिकला नव्हता एवढंच मला ठाऊक आहे, आणि पुढच्या वर्षी माझी पुस्तकं भिजली. तू का येईनासा झालास हे मास्तरांनी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ते राहूनच गेलं.

बाकी ठीक. राघोने काल दोन बलकांचं अंडं घातलं. आठवण ठेवतोसच, पत्रही धाडत जा.

तुझ्याच बाकावरची,
प्रेमा


खोडाळा
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय देवानंद यास,
रामराम वि. वि.

हे पत्र बसून वाच. घाबरायचं काही नाही. तरी बस.

तुझा दाखला मी तुमच्या कुंभकर्णाच्या कपाळात डकवला होता. माझा समजून डकवला. दोन महिने तुला कळवलं नाही ही दुसरी चूक. प्रेमाला कळवलं ही तिसरी, कारण तिने मला हे पत्र लिहायला लावलं.

संक्रांतीला रविना आली, तिला किल्ली हरवल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मला किल्ली शोधायला मदत करायला आली आणि अख्खी कणगी उचकली. किल्ली माझ्या कमरेला होती. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ती परत आली तोवर प्रेमाचं पत्र आलं होतं. ते मी तिच्या हाती दिलं आणि ओटीवर जाऊन बसलो. वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. तिने विचारलं ते एवढंच, की कोमट म्हणजे किती कोमट.

मग ती आणि पोशी आत आणि मी बाहेर. मला आत यायची बंदी होती. दारातून चार वेळा विचारलं, चारही वेळा पोशीने म्हशीला पाणी दाखवायला पाठवलं. म्हैस शेवटी तोंड फिरवायला लागली. सकाळी बसलेल्या त्या दोघी दुपार कलल्यावर उठल्या. दाखला आला, देवानंदा, अख्खा आला. एक कोपरा उंदराचा आहे, तो सोड. तुझं नाव, जमात, जन्मतारीख सगळं वाचता येतं. शिक्का फिका झाला आहे, पण गोल दिसतो.

फक्त तो सरळ होईना. वर्षभर कपाळावर राहिला, त्याला तोच बाक आला. गादीखाली ठेवला, जात्याखाली ठेवला, काढला की पुन्हा वाकडा. तसाच घेऊन रविना अर्ज द्यायला गेली, मीही गेलो. तिथल्या बाईंनी तो टेबलावर ठेवला तर डुलायला लागला. त्यांनी विचारलं हा असा कसा. मी काय सांगू म्हणून घाम पुसतोय, तर पोरगी म्हणाली, "आज्याच्या कपाळावर होता." बाई हसल्या आणि पेपरवेट ठेवून त्यांनी नोंद केली. आता वैधतेचं प्रमाणपत्र येतं की नाही ते देव जाणे. बाक पाहून कुणाला शंका आली तर? पावती मी एकीकडून काढून दुसरीकडे अशी तीन ठिकाणी ठेवली, आणि सारखी काढून बघत होतो. आता ती रविनाकडे आहे.

मुखवट्याचं कपाळ मात्र पातळ झालं आहे आणि बोहाडा दीड महिन्यावर आला. काल मी खळ शिजवली आणि या वेळी चष्मा लावून माझाच दाखला काढला. रविनाने तो हातातून ओढून घेतला. म्हणाली, तुमची नात, मुकेशची पुष्पा, पाचवीत आहे, सात वर्षांनी तीही असाच दाखला शोधत येईल, तेव्हा काय मुखवटा दाखवणार? नववी असो की मॅट्रिक, कचेरी फक्त जमात आणि तारीख बघते म्हणे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पन्नास वर्षं मी तो कागद रद्दी समजत होतो. आता तो पिशवीत आहे आणि पिशवी पोशीकडे आहे.

तेव्हा तू, प्रेमा आणि हरेश, तिघांनी कागद पाठवा. जाड असावा, एका बाजूला लिहिलेला चालेल. शिक्का असलेलं काहीही पाठवू नका.

राग आला असेल तर तो दोन दिवस ठेव आणि मग लिही.

राघो


हॅलिफॅक्स
४ मार्च २०२५

प्रिय राघो यास,
स. न. वि. वि.

राग दोन दिवस ठेवायचं ठरवलं होतं, पण मंडळींना पत्र वाचून दाखवताना म्हशीपाशी आलो आणि तो तिथेच गेला. मी ज्या ज्या देशांत गेलो तिथे त्या दाखल्याची फक्त नक्कलच दाखवली. अस्सल दाखला तुझ्या डोक्यावर नाचला, हे मला आवडलं.

सोबत जाड कागद आहे. कोरा पाठवणं बरं दिसेना, म्हणून एका बाजूला चार ओळी लिहिल्या आहेत. शाईने लिहिल्या आहेत, तेव्हा खळ पाठीमागूनच लाव. हरेशने मस्कतचं वर्तमानपत्र धाडलं आहे, प्रेमाने कोंबडीखाद्याची पिशवी. तिचा अपमान वाटून घेऊ नकोस, तिच्या मते तोच सगळ्यात टिकाऊ कागद आहे. वैधतेची काळजी सध्या रविनाला करू दे, तुला बोहाडा आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस, कपाळ झालं तेवढं पुरे.

तुझा,
देवानंद


खोडाळा
२ मे २०२५

प्रिय देवानंद आणि प्रेमा यांस,
राघोचा रामराम. वि. वि.

रविनाची वैधता आली. कागद सरळ आहे, मी हात फिरवून पाहिला. हरेशला ग्रुपवर कळलं आहे, तुम्हांलाही कळलं असणार, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही.

बोहाडा पार पडला. आपलं सोंग पहाटे निघतं, सगळा गाव जांभया देत असतो तेव्हा, त्यामुळे कुंभकर्णाला वेगळं काही करावं लागत नाही. हनुवटीला कोंबडीखाद्य लावलं होतं, गालांना मस्कत, कपाळाला देवानंदाचा कागद, अक्षरं आतल्या बाजूला. गुडघा दुखेल, तोल जाईल, खळ सुटेल, अशा सगळ्या काळज्या करून झाल्या आणि मग संबळ वाजला, तेव्हा नाचलो.

उजाडल्यावर मुखवटा उतरवला तर पोशी आणि रविना माझ्याकडे बघून हसायला लागल्या. घामाने शाई सुटली होती आणि कपाळावर निळी अक्षरं उमटली होती, सगळी उलटी. त्या दोघींना वाचता येईनात. रविनाने आरसा आणून माझ्या पुढे धरला, तेव्हा ती सुलटी झाली आणि मला वाचता आली. बाकीचं फिसकटलं होतं. एवढंच राहिलं होतं, 'राघो, तुझी इयत्ता आमचीच.'

पोशी तोंड धुवा म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, आधी म्हशीला पाणी दाखवून येतो.

तुमचा वर्गमित्र,
राघो